नया पैसा आठवतो, कृषक दिन आठवत नाही

सोमवार, १ एप्रिल १९५७. पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या पेठेत जे पोर त्या दिवशी सात-आठ वर्षांचं होतं, ते आता पंचाहत्तरी ओलांडून बसलं आहे. जुना विषय निघाला की त्याला हमखास आठवतो तो नया पैसा. तांबूस, नखाएवढा, हातात घेतला तर हरवेल असा. आदल्या दिवसापर्यंत चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, आता रुपयाचे शंभर झाले. सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. म्हणजे तीन आणे एकेक करून मोडले तर एक नया पैसा बुडाला. हे गणित मोठ्यांच्या आधी पोरांना कळलं असणार. पावकी, निमकी, पाऊणकी छड्या खाऊन पाठ केलेली पोरं ती, आणि आता पाढेच रद्द!

या बदलाचा कायदा १९५५ साली संसदेत मंजूर झाला तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रोह्याशी घरचे संबंध असलेले, आणि १९५२ साली याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले. नवी नाणी बाजारात येण्याआधीच, १९५६ मध्ये, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. पेण आणि रोहा ज्यात येतात त्या जिल्ह्याचं नावही तेव्हा कुलाबाच. ते रायगड झालं १ जानेवारी १९८१ रोजी.

पण त्याच १ एप्रिलला आणखी एक गोष्ट घडली. कूळकायद्याच्या दुरुस्तीनुसार तो दिवस ‘कृषक दिन’ ठरला: जो जमीन कसतो तो त्या दिवसापासून मालक मानला जाईल. शेजारच्या अलिबाग तालुक्यात, चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी १९३३पासून सुमारे सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला होता. खोती पद्धत रद्द करणारा कायदा १९४९चा. या सगळ्याचं फळ खाडीकाठच्या खारेपाटातल्या एखाद्या घरात पडलं ते या तारखेला. सगळ्यांच्या नाही. कुळाने ‘स्वखुशीने’ राजीनामा दिल्याचे कागद तेव्हा पुष्कळ तयार झाले. त्यातली खुशी कुणाची होती हे गावाला ठाऊक असे.

आणि तरीही आठवणींच्या मैफलीत नया पैसा येतो, भोकाचा पैसा येतो, कंदील येतो, दिवाळीअंक येतात. कृषक दिन येत नाही.

याचं कारण उघड आहे. आठवणी लिहितो तो बहुधा पेठेतला, आळीतला, वाड्यातला. ज्याच्या घरात कुळं भात घालायला यायची त्याला १९५७ साल आठवायची फारशी हौस नसते. आणि ज्याच्या बापाला जमीन मिळाली त्याच्या हातात लेखणी यायला आणखी एक पिढी जावी लागली.

याच वयाच्या पिढीला, १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेल्यांना, अमेरिकेत ‘बेबी बूमर’ म्हणतात. तिथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी संसार थाटले आणि पाळणे वाढले. इकडे पाळणे आधीही तितकेच हलत होते. फरक एवढाच की त्यातली मुलं आता जगू लागली. १९५१च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला कोकणातल्या खेड्यापाड्यांत शिरला. देवघराच्या भिंतीवरही डीडीटीचा पांढरट थर बसायचा. जाताना फवारणीवाला दारालगत फवारणीची तारीख लिहून ठेवी. ‘आम्ही काटक, आम्हाला कधी काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्या किती घरांच्या दारावर ती तारीख होती, हे कुणी मोजलेलं नाही.

शिक्षणाचंही तेच. १९५९ साली वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली. ईबीसीचा, म्हणजे आर्थिक मागासांच्या सवलतीचा, फॉर्म, त्यावर तलाठ्याचा दाखला, आणि दाखल्यासाठी बापाच्या खेपा. जुन्या अकरावीपर्यंत पोचलेल्या कितीतरी जणांची शाळा या एका कागदावर टिकली. आज तीच माणसं ‘आम्ही स्वतःच्या हिमतीवर शिकलो’ म्हणतात. हिंमत होती, यात वाद नाही. फी मात्र सरकारने भरली होती.

प्रवासाचं तर विचारूच नये. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ साली. ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल १९७३चा. त्याआधी मुंबईहून गाडीने यायचं तर ठाण्यावरून वळसा. दुसरी वाट बोटीची, धरमतरला उतरायची. पण आया पावसाळ्यात बोटीने जाऊ देत नसत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ती गोष्ट या मुलांनी पाळण्यातच ऐकलेली. उरली एसटी. टपावर पाटी, बोचकी, कधी कोंबड्या, आणि आत घामाचा वास. तिच्यामुळे पेण-रोह्याची पोरं कॉलेजला गेली, मुली मास्तरणी झाल्या.

सगळ्याच नाही, हे पुन्हा म्हणायला हवं. सातवीची फायनल झाली की हातात हंडा आणि पाठोपाठ लग्न, ही बहुतेक मुलींची गत. आणि कातकरी वाड्यांवरच्या पोरांचं बालपण ज्या वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं, ते कुठल्याच रम्य आठवणीत नाही. त्यांच्या वयाची माणसं आज हुरहुर लावणारं काय सांगत असतील?

हुरहुर खोटी आहे असं मात्र नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शाळा सुटल्यावर शाडू मळणारी, साच्यातून निघालेल्या मूर्तीला ओल्या ब्रशने गुळगुळीत करणारी पोरं होती. डोळ्यांची आखणी मात्र जुन्या हातालाच. त्या वेळी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. उधाणाला बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा, कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भाताला मुकायची. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, मीठ, पुन्हा पाला. मडकं पालथं घालून वरून जाळ. ती चव आठवून डोळे भरले तर भरू द्यावेत.

मुद्दा शेतीचा निघाला की मात्र स्मरणशक्ती धारदार होते. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी घेण्याचं घाटत होतं तेव्हा, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत अजमावलं. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी पांढऱ्या केसांचे बरेचसे १९५७ साली लहान पोरं होते. जमीन कशी आली हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. सेझ पुढे बारगळला. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला पोचलं, खारेपाटातल्या अनेक गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं चालूच राहिलं.

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे योजना आली तेव्हा त्यात बसणाऱ्यांतले सगळ्यांत लहान ते स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेले. पेण स्टँडवर रोह्याच्या गाडीत एखादे आजोबा चढतात, आधार कार्ड दाखवतात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. नागोठणं येईपर्यंत शेजारच्याला सांगून झालेलं असतं की आमच्या वेळी सरकार कुठं काय देत होतं. तिकीट तोवर घडी घालून घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलेलं असतं.