सतरा नंबरचा फॉर्म आणि सैन्यभरती

आमच्या मोहल्ल्यातल्या एका आपांचा मुलगा रोज फजरच्या नमाजनंतर मैदानावर पळायला जातो. मदरशात त्याने हिफ्ज पूर्ण केलं, मग दोन वर्षं मामांच्या गॅरेजवर काढली आणि अठराव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पास झाला तेव्हा आपांनी घरोघरी पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. गुण किती पडले, हे कोणी विचारलं नाही. जो मुलगा कधी वर्गात बसला नाही तो बोर्डात पास झाला, एवढ्याचंच सगळ्यांना अप्रूप होतं.

मग सैन्यात अग्निवीर भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायला तो सायबर कॅफेत गेला आणि तासाभरात तोंड उतरवून आमच्या दारात उभा राहिला. "चाचा, आपली दहावी चालत नाही म्हणे. कॅफेवाला म्हणतो, बाहेरून दिलेली आहे ना, मग नाही चालणार." मागोमाग आपाही आल्या. "भाईजान, दोन वर्षं पळतोय हो पोरगा. आधीच कोणी सांगितलं असतं तर?"

आम्ही गुणपत्रिका मागवून घेतली. एकूण ४१ टक्के. कॅफेवाल्याचं निदान चुकलं होतं. अडचण खरी होती, पण भलतीच होती. असे फोन आम्हाला वरचेवर येतात, कधी मालेगावहून, कधी मिरजेहून, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला देत आहोत.

आधी गैरसमज काढून टाकू. सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दिलेली दहावी ही महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचीच दहावी असते. प्रश्नपत्रिका तीच आणि मंडळही तेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे ज्याला सगळे 'एनआयओएस' म्हणतात, तिचीही दहावी-बारावी केंद्राच्या मान्यतेची आहे. ही संस्था १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने उभी राहिली, ती मुळी शाळा सुटलेल्यांसाठीच. सैन्याच्या भरतीत मान्यताप्राप्त मंडळाची दहावी मागतात. ती वर्गात बसून दिली की घरी अभ्यास करून, यावरून गुण कापले जात नाहीत.

सगळीकडे असं नाही. अमेरिकेत शाळेचा डिप्लोमा घेतलेला मुलगा लष्कराच्या लेखी पहिल्या पायरीवर असतो आणि शाळा सोडून 'जीईडी' नावाची समकक्ष परीक्षा दिलेला दुसऱ्या. सैन्याच्या चाचणीत पहिल्याला ३१ पुरतात, तिथे दुसऱ्याकडून ५० मागितले जातात. शाळा अर्धवट टाकणारा नोकरीही अर्धवट टाकतो, असा त्यांचा आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष. घरीच आईवडिलांकडे शिकलेली मुलंसुद्धा तिथे बरीच वर्षं या दुसऱ्या पायरीत ढकलली जात. २०११ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने त्यांना शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने वागवायचं ठरलं. आपल्याकडे अशा पायऱ्या नाहीत, ही जमेची बाजू. पण आपल्याकडचा दरवाजा दुसऱ्या जागी अरुंद आहे.

तो टक्क्यांचा. अग्निवीर जनरल ड्यूटी, म्हणजे साधा शिपाई म्हणून जायचं तर दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ गुण लागतात. राज्य मंडळात पास व्हायलाच ३५ लागतात, म्हणून आपली मुलं अडतात ती ४५ वर. बाहेरून बसणाऱ्या मुलाला घरचे, शिकवणीवाले, दोस्त सगळे एकच सांगतात, "काठावर पास हो, बस्स. कागद हातात आला पाहिजे." आपांनी पेढे वाटले तेव्हा आमच्याही डोक्यात हेच होतं, खोटं कशाला सांगा. आपांच्या मुलाला चार टक्के कमी पडले. त्याची गुणपत्रिका समोर ठेवून बघितली तर मराठी, हिंदी, समाजशास्त्र बरं होतं. गणित आणि इंग्रजीने खाली ओढलं होतं. चार महिने रोज तासभर कोणी शेजारी बसलं असतं तर हे चार टक्के कुठेच गेले नसते.

मग त्याच्यापुढे काय राहतं? एक वाट लगेच खुली आहे. ट्रेड्समन. आचारी, शिंपी, धोबी, न्हावी, कारागीर अशा कामांसाठी दहावी पास मुलं घेतात. तिथे एकूण टक्क्यांची अट नाही, प्रत्येक विषयात ३३ असले की झालं. मेस कीपर आणि हाऊस कीपर या दोन कामांना तर आठवी पास चालतो. मुलगा गॅरेजवर राबलेला, हाताला काम माहीत असलेला. पण "ट्रेड्समन" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. त्याला रायफल घेऊन उभा असलेला जवान व्हायचं आहे. अठराव्या वर्षी आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

दुसरी वाट गुणसुधाराची. राज्य मंडळात सगळे विषय एका दमात पास झालेल्याला गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येतं, पण ही मुभा निकालानंतरच्या लगतच्या काही परीक्षांपुरतीच असते. मुदत टळली की गेली. म्हणून निकाल लागल्यावर पहिल्या पंधरवड्यात संपर्क शाळेत जाऊन विचारायचं. दोन वर्षांनी भरतीची जाहिरात बघून नव्हे. शिवाय वयाचा काटा पुढे सरकतच असतो. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठरलं, आणि त्या पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली. प्रत्येक वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारखेची नेमकी मर्यादा छापलेली असते, ती त्या त्या वर्षी पाहूनच हिशेब करावा. जो मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी मदरशातून बाहेर पडतो त्याच्याकडे तशी चार-पाच वर्षं असतात. ती "बघू पुढे" म्हणण्यात जातात.

मदरशात मूल असतानाच दहावीची तयारी करता येत नाही का? येते. एनआयओएसच्या दहावीला चौदा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, बारावीला पंधरा. पाच विषय घ्यायचे. माध्यम मराठीही आहे आणि उर्दूही. एकदा नाव नोंदलं की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी असते, आणि जो विषय सुटला तो सुटला. तो जमेला राहतो. कुठल्या मंडळात नापास झालेल्या मुलाचे आधी पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इथे जमा करून घेतात. हाफिज होणाऱ्या मुलाला एकेक विषय सोडवत जाणं हे सहापारे पाठ करण्यापेक्षा अवघड नाही. मदरशांसाठी ही सोय वापरायची सरकारी योजनाही होती. काही मदरशांनी ती वापरली, बऱ्याच ठिकाणी फाइलीतच राहिली.

मात्र एनआयओएसमध्ये विषय निवडायची मोकळीक असते आणि तिथेच पाय घसरतो. गणित, विज्ञान टाळून सोपे पाच विषय घेतले की दहावी होते. जनरल ड्यूटीला चालतेही. पण उद्या त्याच मुलाला क्लार्क व्हावंसं वाटलं तर बारावीला एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५० आणि इंग्रजी व गणित किंवा हिशेबाच्या विषयात ५० लागतात. टेक्निकलला बारावी विज्ञानाच्या वाटेने जायचं तर त्यात पदार्थविज्ञान, रसायन, गणित, इंग्रजी हवं. दहावीला गणित सोडलेला मुलगा तिथपर्यंत पोचत नाही. विषयाचा रकाना आपण बहुतेक वेळा शिकवणीवाल्याला भरू देतो. तो आपल्या निकालाचा टक्का बघतो. त्याचं काही चुकलं असंही म्हणवत नाही, पण मुलगा आपला आहे.

आता कागदांचं. पळण्यात, दंड मारण्यात आपली मुलं कुठे कमी पडत नाहीत. कागद तपासायच्या टेबलावर पडतात. सैन्याच्या फॉर्मवर स्वतःचं, वडिलांचं, आईचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच लिहायची असते. आणि आपल्या घरांत काय असतं? एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकावर 'मोहम्मद' पूर्ण, दुसऱ्यावर 'मो.'. आईच्या नावाला कधी 'बी', कधी 'बेगम', कधी काहीच नाही. जुन्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा असायचा, कारण मास्तर तीच तारीख टाकत. मदरशात घालताना सांगितलेलं वय वेगळं, आधारवरचं वेगळं, नगरपालिकेच्या दाखल्यावरचं तिसरंच. शाळेत शिकणाऱ्या मुलाचं नाव पहिलीपासून एका रजिस्टरमध्ये असतं, कोणीतरी ते जुळवून घेतं. बाहेरून बसणाऱ्याचं नाव पहिल्यांदा लिहिलं जातं ते थेट सतरा नंबरच्या फॉर्मवर, आणि तिथे जे पडतं ते जन्मभर राहतं. मागाहून दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे करावी लागते आणि त्याला महिने लागतात. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा जुना दाखला हे तिन्ही कागद एकाशेजारी एक ठेवून वाचा. ज्याच्याकडे शाळेचा मूळ दाखला नाही त्याला सतरा नंबरच्या फॉर्मला दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्या प्रतिज्ञापत्रातलं स्पेलिंगही दोनदा वाचा.

मुक्त विद्यालयातून दहावी केलेल्यांना आणखी एक गोष्ट लागते, ती फारच थोड्यांना ठाऊक असते. भरतीच्या वेळी आणायचा शाळा सोडल्याचा दाखला गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीचा असावा लागतो. ही सही भरतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही. साहेब दौऱ्यावर असतात, शिक्का कपाटात असतो. ज्यांच्या जातीच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला नसतो त्यांच्याकडून तहसीलदारांचा धर्माचा दाखलाही मागतात. तोही आधीच काढून ठेवायचा.

आणि एक फसवणूक. 'महिन्यात दहावी, घरबसल्या बारावी' अशा पाट्या आपल्या वस्त्यांत फार दिसतात. आमच्या नात्यातल्याच एका मुलाकडून अशा एका क्लासने हजारो रुपये घेतले आणि रंगीत, होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र हातात ठेवलं. मंडळाचं नाव इतकं भारदस्त की कोणालाही दिल्लीचं वाटावं. त्याला कुठलीच मान्यता नव्हती. मुलाची वर्षं गेली ती गेलीच, शिवाय असं प्रमाणपत्र भरतीत दाखवलं असतं तर गुन्हा अंगावर आला असता. पैसे भरण्यापूर्वी मंडळाला सरकारची मान्यता आहे की नाही हे जवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. आठवीनंतर शाळा दूर म्हणून किंवा घरातलं काम म्हणून ज्या मुली घरी बसतात त्या बाहेरून दहावी-बारावी देतात, आणि अनुभव असा की मुलग्यांपेक्षा चांगले गुण आणतात. सैन्याच्या मिलिटरी पोलिसांत मुलींची अग्निवीर भरती होते, तिथेही तीच ४५ आणि ३३ ची अट. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडले. बारावी मान्य मंडळाची हवी. आमच्या माहितीतल्या किती घरांत ही गोष्ट जेवताना निघाली असेल, कोण जाणे.

आलिम झालेल्या काही तरुणांनी आणखी एक विचारलं होतं. सैन्यात पंडित, ग्रंथी, पाद्री असतात तसे मौलवीही असतात, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या दर्जाचे. त्याला मौलवी आलिम किंवा अदीब आलिम ही पात्रता लागते, पण तेवढ्याने भागत नाही. कुठल्याही विषयातली पदवीही लागते, आणि दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका समोर ठेवाव्या लागतात. काही विद्यापीठं ठराविक मदरशांची प्रमाणपत्रं धरून थेट बी.ए.ला प्रवेश देतात. ती वाट चांगली आहे, पण दहावी-बारावीचा खड्डा तसाच राहतो. पुढे तोच अडवतो.

सैन्याचंही गमतीशीर आहे. दहावीवर भरती झालेल्या अग्निवीराला नोकरीतच बारावी करता यावी म्हणून सरकारने २०२२ साली जी सोय जाहीर केली, ती याच एनआयओएसमार्फत. पदवीसाठी इग्नूशी जोडून दिलं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे ठेवतात, बाकीच्यांना घरी यायचं असतं, तेव्हा हातात बारावी असणं हे रकमेइतकंच मोलाचं. आपांना आम्ही हे मुद्दाम सांगितलं. चार वर्षांनंतरचं काय, हा विचार भरतीच्या गर्दीत कोणी करत नाही.

आपांच्या मुलाचा गुणसुधाराचा फॉर्म भरून झाला आहे. गणिताला शेजारच्या डी.एड. झालेल्या मुलीने रोज मगरिबनंतर तासभर द्यायचं कबूल केलंय, इंग्रजी आमच्याकडे. ट्रेड्समनचा फॉर्मही त्याने भरून ठेवला, थोडा कुरकुरतच. आणि त्याच्या आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त निघालं. ते दुरुस्त करायला सोमवारी जायचं आहे.