पेय आणि पात्र

मनुष्य पेय विकत घेतो, तेव्हा त्याजबरोबर एक पात्रही घेत असतो. पेय चार घोटांत संपते. पात्र मात्र मागे उरते. त्याचे पुढे काय होते, याचा विचार विकणारा करीत नाही व घेणाराही करीत नाही. हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा नसून मांजरेच्या तीरी वसलेल्या आपल्या कळंबचाही आहे. म्हणून त्याविषयी आमचे मत येथे मांडीत आहो.

पूर्वी पात्र परत करण्याचीच रीत होती. गोटी सोड्याची बाटली पाहा. हायरम कॉड या इंग्रज कारागिराने 1872 साली तिचे पेटंट घेतले. आतील वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसे, म्हणून निराळे बूच लागत नसे. सोडा दुकानापाशीच प्यावयाचा आणि बाटली तेथेच ठेवावयाची. मुंबईस 1949 साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीचे दूधही काचेच्या बाटलीतून येई. रिकामी बाटली द्यावी व भरलेली न्यावी, असा क्रम होता. पुढे दुधास प्लॅस्टिकची पिशवी आली, 1985 साली फ्रूटी कागदी खोक्यातून आली, आणि पाणी व शीतपेये हलक्या प्लॅस्टिकच्या बाटलीत शिरली.

लोकांनी हा बदल अज्ञानाने स्वीकारला, असे आम्ही म्हणत नाही. नवी बाटली फुटत नाही व प्रवासात जड होत नाही. तिच्या झाकणाची मोहोर शाबूत पाहून आतील पाणी स्वच्छ असल्याचा भरवसा वाटतो. काच धुण्यास पाणी लागते, आणि पाण्याचे मोल आपणांस कोणी सांगावयास नको. 2016 साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. शिवाय काही गावांच्या चहाच्या दुकानांत एके काळी जातीपरत्वे निराळी कपबशी ठेवीत. एकदा वापरून टाकावयाचा पेला सर्वांस सारखाच मिळाला, हेही न्यायाने मान्य केले पाहिजे.

परंतु टाकून देण्याची जी सवय जडली, तिचा भार कोणावर पडला? महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकचे पेले व नळ्या यांस देशभर मनाई झाली. कायद्याने एक पदार्थ वर्ज्य केला, तर आपण दुसरा उचलला. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या जागी कागदी पेला आला. पण त्याच्या आतही बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. अशा पेल्यात ऊन पेय पंधरा मिनिटे ठेविले असता शंभर मिलिलिटरमध्ये प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरतात, असे खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांस 2020 साली आढळून आले.

यावरून आमचे मत असे आहे की, पात्राची योग्यता ते कशाचे केले आहे यावरून ठरवू नये. ते परत जाते की नाही, यावरून ठरवावी. याचा दाखला आपल्या दारातच आहे. वीस लिटर पाण्याचा जार प्लॅस्टिकचाच असतो. परंतु रिकामा जार कोणी उकिरड्यावर फेकीत नाही, कारण तो द्यावा तेव्हा भरलेला मिळतो. तोच गृहस्थ लहान बाटली मात्र रस्त्याकडेस टाकितो. म्हणजे दोष माणसाच्या स्वभावात तितका नाही, जितका व्यवहाराच्या रीतीत आहे. बाटलीवर अनामत ठेवावी व परत आणणारास ती द्यावी. म्हणजे तीच बाटली दुकानात परत येऊ लागेल.

विद्यार्थी मित्रहो, व्यापाराची रीत बदलणे आज तुमच्या हाती नाही. पण घराची व शाळेची रीत आहे. स्नेहसंमेलनास व क्रीडास्पर्धांस येताना प्रत्येकाने आपला पेला बरोबर आणावा. येरमाळ्यास येडेश्वरीच्या यात्रेस जाणाऱ्या कुटुंबाने तांब्या किंवा बाटली घरून भरून न्यावी. पालकांनी चहाच्या दुकानी काचेचा पेला मागावा, आणि तो ऊन पाण्याने स्वच्छ धुतलेला असावा असा आग्रह धरावा. एकच पेला धुऊन सर्वांस सारखाच द्यावा, यात स्वच्छताही आहे आणि समताही आहे. त्यासाठी काही फेकून द्यावे लागत नाही.