धावण्याचा हिशेब कुणाच्या वहीत?

गोल केल्याच्या आनंदात एखाद्या फुटबॉलपटूने जर्सी काढली, की आत तोकडी काळी बंडी दिसते. या बंडीला पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, छोटा कप्पा असतो आणि त्यात मुठीत मावेल एवढे यंत्र. जीपीएसच्या साह्याने ते साधारणतः सेकंदाला दहा वेळा खेळाडूची जागा टिपते. आतील त्वरणमापक सेकंदाला शंभर वेळा त्याचे धक्के, वळणे आणि थांबणे नोंदवतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉल नियम मंडळाने २०१५ मध्ये सामन्यातही ते वापरण्याची मुभा दिली. सरावात तर ते त्याआधीपासूनच होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आज खेळाडूचे जवळपास प्रत्येक पाऊल कुठल्या ना कुठल्या संगणकात साठवले जाते. या पावलांचा अर्थ लावण्याचे बरेचसे काम करतो, तो मात्र पीएच.डी.चा विद्यार्थी.

ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगलीच रुजली आहे. विद्यापीठ आणि क्लब खर्च वाटून घेतात. विद्यार्थ्याचे शुल्क भरले जाते, त्याला विद्यावेतन मिळते आणि त्याची तीन-चार वर्षे क्लबच्या सराव मैदानावर जातात. सकाळी बंड्या वाटायच्या, सराव संपला की यंत्रे गोळा करायची, आकडे उतरवून घ्यायचे, प्रशिक्षकाला तक्ता द्यायचा आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहायचा, असा त्याचा दिनक्रम. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदांनी २०२५-२६ साठी ठरविलेले किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड आहे. प्रीमिअर लीगमधील अनेक खेळाडूंची एका आठवड्याची कमाई याहून अधिक असते. क्लबच्या दृष्टीने हा सौदा स्वस्तातला आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. विद्यार्थ्यालाही एरवी ज्या दाराशी कुणी उभे करणार नाही, त्या दारातून आत जायला मिळते.

हे नातेही तसे नवे नाही. १९७० च्या दशकात लिव्हरपूल पॉलिटेक्निकमध्ये टॉम रायली यांनी एव्हर्टनच्या खेळाडूंवर पीएच.डी. केली. त्या वेळी ना जीपीएस होते, ना बंडी. मैदानावरील खुणा पाठ करायच्या, एका वेळी एकाच खेळाडूवर नजर ठेवायची आणि तो किती चालला, किती पळाला, हे ध्वनिमुद्रकात बोलत राहायचे, अशी त्यांची पद्धत. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी सामन्यातील सरासरी अंतर ८,६८० मीटर असल्याचे नोंदवले. सर्वाधिक धावपळ मधल्या फळीची आणि चेंडू पायाशी असताना कापलेले अंतर एकूण अंतराच्या दोन टक्क्यांहूनही कमी, हेही त्यातून समजले. हे आकडे साऱ्यांसाठी खुले होते. पुढच्या पिढीच्या संशोधकांनी ते तपासले, वाढवले, दुरुस्त केले.

आज मोजणे सोपे झाले आहे, पण मोजलेले सर्वांपुढे मांडणे अवघड. क्लबच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाच्या करारात गोपनीयतेचे कलम असते. प्रबंध काही काळ कुलूपबंद ठेवण्याची अटही असू शकते. क्लबची बाजू समजण्यासारखी आहे. आपला बचावपटू सत्तराव्या मिनिटानंतर मंदावतो, हे प्रतिस्पर्ध्याला कोण सांगेल? मात्र ज्ञानाच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी आहे आणि ती नेमकी कुठे मोजावी लागते, हे दुखापतींच्या प्रश्नात दिसते.

या यंत्रांवर क्लब पैसा ओततात तो मुख्यतः दुखापत टळावी म्हणून. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या दीर्घकालीन पाहणीनुसार पंचवीस खेळाडूंच्या संघात एका हंगामात स्नायूंच्या साधारण पंधरा दुखापती होतात. म्हणजे तीन वर्षे एकाच क्लबमध्ये घालविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पंचेचाळीसच्या आसपास घटना लागणार. त्यातही मांडी, जांघ आणि पोटरी वेगळ्या करायच्या. बदलून गेलेले खेळाडू आणि मधेच हकालपट्टी झालेला प्रशिक्षक जमेस धरायचा. एवढ्याशा आकड्यांवर कोणता ठाम निष्कर्ष उभा राहणार? दहा क्लबांनी आकडेवारी एकत्र केली, तर राहील. पण प्रत्येकाची वही आपापल्या कपाटात.

ही चणचण असताना बाजारात आलेल्या एका सूत्राची कहाणी बोलकी आहे. ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांनी एका आठवड्यातील शारीरिक ताण आणि गेल्या चार आठवड्यांची सरासरी यांचे गुणोत्तर मांडले. ते ०.८ ते १.३ च्या दरम्यान असेल तर खेळाडू सुरक्षित, दीडच्या पुढे गेले तर धोका. या विचाराचा एक आधार होता क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांवरचा २०१४ चा अभ्यास. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटानेही या सूत्राची दखल घेतली. मग ते यंत्रांच्या कंपन्यांच्या संगणकप्रणालीत शिरले, तेथून प्रशिक्षकाच्या तक्त्यात आले आणि हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत दिसू लागले. फ्रँको इम्पेलिझेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० पासून त्याची चिरफाड केली. चार आठवड्यांच्या खऱ्या सरासरीऐवजी मनाला येईल तो आकडा घातला, तरी निष्कर्ष जवळपास तसेच येतात, असे त्यांनी दाखवून दिले. सूत्र मांडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे; पण ते तपासण्याआधीच विकले गेले.

नॉर्वेत त्याची परीक्षा रीतसर झाली. ३४ युवा संघांतील ४८२ खेळाडूंपैकी काहींचा सराव या गुणोत्तरानुसार आखला गेला, इतरांचा नेहमीप्रमाणे. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत फरक नाही. तेथे ताण मोजला होता तो यंत्राने नव्हे, तर खेळाडूंनी स्वतः सांगितलेल्या श्रमावरून, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या ऑस्लोच्या केंद्राने हे काम केले, त्याला सरकारी खाते, आरोग्य यंत्रणा आणि ऑलिम्पिक संघटना यांचा पैसा मिळतो. 'उपयोग होत नाही' असे उत्तर छापून आले म्हणून कुणाचे नुकसान होणार नव्हते. हेच उत्तर एखाद्या क्लबच्या खर्चाने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सापडले असते तर?

नॉर्वेतलेच आणखी एक उदाहरण. महिलांच्या दोन अव्वल संघांची २०२० आणि २०२१ ची आकडेवारी 'सॉकरमॉन' या नावाने संशोधकांनी खुली केली आहे. जीपीएसच्या सहा अब्जांहून अधिक नोंदी तिच्यात आहेत. पुरुषांच्या श्रीमंत लीगमध्ये एवढा मोकळेपणा सापडत नाही. जिथे पैसा कमी, तिथे दार उघडे, असा हा मामला दिसतो.

गुपित फक्त क्लबचेच असते असेही नाही. यंत्राने टिपलेल्या कच्च्या नोंदींतून 'वेगवाढ' कशाला म्हणायचे, हे कंपनीची प्रणाली ठरवते. २०१४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पन्नास यंत्रे एकाच घसरगाडीवर बांधून धावपटूच्या मागे ओढली गेली. धाव एकच होती, तरी वेगवाढीचे आकडे यंत्रागणिक बदलले. प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावरही ते बदलले. म्हणजे खेळाडू तसाच धावतो आहे, पण तक्त्यात मात्र तो मंदावलेला दिसतो, असे होऊ शकते. अशा त्रुटी शोधून काढणे हे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे खरे काम. पण प्रायोजकच यंत्राचा निर्माता असेल, तेव्हा त्याला धैर्यही लागते.

इतके मोजूनही दुखापती कमी झाल्या का? २००१-०२ मध्ये युरोपातील बड्या क्लबांत एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. सामने वाढले, खेळ वेगवान झाला, ही कारणे आहेतच, त्यामुळे दोष बंडीला देता येणार नाही. मात्र बंडी विकताना दिलेली ग्वाही या आकड्यांशी जुळत नाही.

राहता राहिला खेळाडू. संशोधनात सहभागी होण्यापूर्वी त्याच्याकडून संमतिपत्रावर सही घेतली जाते. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येईल, असे त्यात लिहिलेले असते. विद्यापीठाच्या नीतिसमितीचे समाधान होते. पण बंडी ही क्लबच्या नोकरीचा भाग. संघात जागा मिळविण्यासाठी धडपडणारा एकोणीस वर्षांचा मुलगा ती नको म्हणेल काय? आणि तिशी ओलांडलेल्या खेळाडूचा मंदावलेला वेग करार वाढविण्याच्या बैठकीत टेबलावर येणार नाही, याची हमी कोण देणार? २०२१ मध्ये ब्रिटनमधील साडेआठशेहून अधिक आजी-माजी खेळाडूंनी आपल्या आकडेवारीच्या व्यापाराविरुद्ध कंपन्यांना नोटिसा धाडल्या. तो वाद मुख्यतः सामन्यांतील कामगिरीच्या आकड्यांचा होता, पण मालकी कुणाची, हा प्रश्न तोच. २०२२ मध्ये खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, 'फिफा'च्या सहकार्याने या हक्कांची सनद जाहीर केली. आपली माहिती पाहण्याचा आणि ती सोबत नेण्याचा हक्क तिच्यात आहे. मात्र सनद म्हणजे कायदा नव्हे. युरोपात निदान २०१८ पासून लागू असलेला कायदा आरोग्यविषयक माहितीला विशेष संरक्षण देतो.

भारतातही सरावात या बंड्या दिसू लागल्या आहेत. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र आरोग्याच्या माहितीसाठी असा वेगळा वर्गच नाही. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीविना माहिती वापरण्याची वाट त्यात आहे. संशोधनालाही सूट आहे, मात्र त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. सकाळी बंड्या वाटणारा आणि संध्याकाळी प्रबंध लिहिणारा विद्यार्थी एकच असेल, तर दुपारी प्रशिक्षकाला दिलेला तक्ता यांपैकी कशात मोडतो, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.