निबंधातली सकाळ आणि तळ्यावरची सकाळ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, चौथीच्या वर्गाला ‘तळ्याकाठची सकाळ’ हा विषय देऊन बघा. बहुतेक वह्यांत एकच सकाळ सापडेल. सूर्याची सोनेरी किरणे, मंद वारा, पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट आणि शेवटी ‘माझे मन प्रसन्न झाले’. तळ्यावर तासभर बसलेल्या माणसाला यातला किलबिलाट हमखास खटकेल. जांभळी पाणकोंबडी कर्कश ओरडते, टिबुकली खिदळल्यासारखा आवाज काढते, बगळा उडताना घशातून खरखरतो. मुलाने यातलं काही ऐकलेलं नसतं, तरी ‘मंजुळ’ लिहिल्याबद्दल त्याला गुण मिळतात. न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहायची सवय लागते ती इथेच, आणि ती फक्त निबंधापुरती राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की नमुना निबंध हातात देण्याआधी मुलांना एकदा पाण्यावर न्या. आणि तेही आत्ता, भाद्रपद सरून आश्विन लागताना. डिसेंबरच्या सहलीची वाट बघू नका.

आत्ताच का? आपल्या राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. त्याला तो दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा घातला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला आणि उथळ पाणी, चिखल, बेटं तयार झाली. धरण म्हणून जो तोटा, तोच पक्ष्यांना मानवला. (परिसर अभ्यासाच्या तासाला ‘गाळ चांगला की वाईट?’ एवढाच प्रश्न टाका, तास पुरणार नाही.) हिवाळ्यात पाणी ओसरतं, काठ उघडे पडतात आणि पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात. तेव्हा गर्दीही होते, माणसांची आणि मोबाइलची. पावसाळा संपताना मात्र पाणी भरलेलं असतं, पक्षी कमी असतात आणि असतात ते बहुतेक इथलेच. लहान मुलांना हेच सोयीचं. हजार बदकांच्या थव्याकडे मूल ‘बापरे’ म्हणून बघतं आणि पुढे जातं. समोर पाचच पक्षी असले, की एकेकाकडे बघावंच लागतं. त्यातून एखादा पिवळा किंवा राखी धोबी दिसला, तर तो हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून नुकताच आलेला असू शकतो. नकाशा काढायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

नांदूरलाच जायला हवं असं नाही. गावचा पाझर तलाव, बंधाऱ्याची फुगवटी, नदीचा डोह, काहीही चालेल. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते. मुलांना घेऊन मी गावच्या तलावावर गेले आणि एकच काम दिलं: टिबुकलीने बुडी मारली की मनात आकडे मोजायचे आणि ती कुठे वर येईल ते आधी बोटाने दाखवायचं. तीन-चार बुड्यांनंतर मुलं आपोआप गप्प झाली. मला एकदाही ‘शांत बसा’ म्हणावं लागलं नाही, आणि शिक्षकांना ठाऊक आहे याची किंमत काय ते! एक जण म्हणाला, “बाई, ती आपल्याला फसवतेय.” पुस्तकात न मिळणारं वाक्य.

मग नावं. पक्ष्यांची मराठी नावं हा भाषेचा तयार पाठ आहे. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी लाल ठिपके. वारकरी पक्षी काळा, कपाळावर पांढरा पट्टा, आणि हिवाळ्यात मोठ्या घोळक्याने पोहणारा. शेपटी सतत वरखाली आपटतो तो धोबी. आधी नाव सांगू नका. पक्षी दाखवा आणि ‘तुम्ही याला काय म्हणाल?’ असं विचारा. पाणकावळा पंख पसरून बसला होता, त्याला आमच्या एका मुलीने ‘वाळत घातलेला’ म्हटलं. ते बरोबरच आहे. त्याचे पंख भिजतात, म्हणून तो ते वाळवतो. कमळपक्षी पानांवरून चालतो तो लांबलचक बोटांमुळे, वजन पसरतं म्हणून. आणि त्याच्यात अंडी उबवतो तो नर! घरी जाऊन हे बाबांना सांगायला मुलींना फार आवडतं.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो आणि २ फेब्रुवारीला पाणथळ दिन. घोषवाक्यं, चित्रं, भिंतीवर तक्ते, सगळं होतं. त्याला विरोध नाही. पण ज्याने तलाव पाहिलाच नाही, तो ‘पाणथळ वाचवा’ कशाच्या जोरावर म्हणणार? उद्या त्याच तलावात मुरूम पडायला लागला, तर काय गेलं हे त्याला कळणार कसं?

अडचणी आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. पाण्याजवळ लहान मुलं म्हणजे काळजी असतेच. काठापासून दहा-बारा पावलं लांब बसवा, दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाच बोलवा. दुर्बीण नसली तरी अडत नाही. सात वाजता पोचा, आठ-साडेआठला ऊन चढायच्या आत परत फिरा. भडक कपडे नकोत, खडे मारणं नको, खाऊ परतीच्या वाटेवर.

वर्गात आल्यावर निबंध लिहून घेऊ नका, पाचच वाक्यं मागा, पण प्रत्येकात डोळ्यांनी पाहिलेली किंवा कानांनी ऐकलेली एक गोष्ट हवी. ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘मनमोहक’ त्या दिवशी बंद. माझ्या वर्गातल्या सगळ्यात कमी लिहिणाऱ्या मुलाने लिहिलं होतं, “बगळा लई वेळ हालला नाही. मग मासा गेला.” पालकहो, असं काही वहीत दिसलं, तर ‘लई’ खोडायची घाई करू नका.