नकाराच्या पत्राचे वाचन

२०२१ च्या ऑगस्ट महिन्यातील ही हकिकत. वेल्ह्यात पावसाची संततधार लागलेली, तोरणा ढगांआड गेलेला. तेथील एका किराणा-भुसार दुकानदाराच्या कन्येला इंग्लंडमधील विद्यापीठात एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला होता. ८ ऑगस्टला ब्रिटनने भारताला कोरोनाच्या लाल यादीतून अंबर यादीत आणले. प्रवाशांची हॉटेलातील सक्तीची विलगीकरण-मुदत टळली आणि घरात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात व्हिसा नाकारल्याचे कळले.

वडील नसरापूरमार्गे भोरला, आपल्या जुन्या करसल्लागारांकडे पोहोचले. बसताच म्हणाले, "साहेब, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मुलीची तर लाजच गेली."

"शेठ, लाज नंतर पाहू. पत्र आणलेत ना? प्रथम ते वाचू."

त्या पत्रात मुलीच्या योग्यतेविषयी एक अक्षरही नव्हते. आक्षेप बँकेच्या उताऱ्यावर होता. शुल्क व निर्वाह यांची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी, एक दिवसही शिल्लक त्याखाली जाऊ नये, असा नियम. टाळेबंदीत गिऱ्हाइकांची उधारी थकली होती. ती वसूल होऊन, उरलेली रक्कम चुलत्यांनी घालून, पैसे वडिलांच्या खात्यात जमा झाले तेव्हा अर्जाला १९ दिवसच उरले होते. पैसा खरा होता; दिवस कमी पडले.

सल्लागारांनी मग दोन मार्ग समोर मांडले. पहिला, प्रशासकीय फेरतपासणीचा. तिची मुदत २८ दिवस, शुल्क ८० पौंड. परंतु अधिकाऱ्याने निर्णय देताना चूक केली असेल तरच तिचा उपयोग. आपल्याकडून राहिलेली त्रुटी नवे कागद जोडून तेथे भरून काढता येत नाही. "इथे चूक त्यांची की आपली?" त्यांनी विचारले. वडील गप्प राहिले. म्हणजे दुसराच मार्ग उरला, नव्या अर्जाचा. व्हिसाचे ३४८ पौंड बुडाले होते. आरोग्य अधिभार तेवढा परत मिळणार होता.

वडिलांनी चाचरत आणखी एक वाट सांगितली. पुण्यातील एक एजंट जुन्या तारखेची ठेवपावती तयार करून द्यायला निघाला होता. "चार दिवसांत काम होईल म्हणतो."

सल्लागार क्षणभर थांबले. मग म्हणाले, "शेठ, तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटा लेख तयार करणे ही कूटलेखक्रिया, आणि चुकीच्या मार्गाचा सल्ला देणे हा मिथ्योपदेश. तुम्ही पहिल्यात अडकाल, मी दुसऱ्यात. आणि व्यवहाराचेच पाहायचे, तर बनावट कागद उघडकीस आला की दहा वर्षे ते दार बंद. आज एक सत्र जाते आहे, त्यासाठी दहा वर्षे पणाला लावायची का?"

मग त्यांनी कोऱ्या कागदावर क्रम लिहून दिला. विद्यापीठाकडे जानेवारीच्या सत्रासाठी विनंती करावी व नवे प्रवेश-निश्चितीपत्र मागावे. जुने पुन्हा चालत नाही. रक्कम वडिलांच्या खात्यात असल्यामुळे मुलीचा जन्मदाखला आणि पालकांचे संमतिपत्र जोडावे. पूर्ण २८ दिवस उलटल्यावर उतारा घ्यावा; त्याची अखेरची तारीख अर्जापूर्वी ३१ दिवसांच्या आतली असावी. बँकेकडून शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्यास त्या रकमेपुरती दिवसांची अट राहत नाही. मात्र मंजुरीपत्र सहा महिन्यांपेक्षा जुने नको. शिवाय त्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरातील ८०-ई कलमाची सवलत आहेच. शेवटची ओळ त्यांनी अधोरेखित केली: नव्या अर्जात आधीचा नकार स्पष्ट नमूद करावा. नकार हा अपराध नव्हे. तो दडवणे हा अपराध ठरतो.

"आणि तिला काय सांगू?" निघताना वडिलांनी विचारले.

"पत्र तिच्या हाती द्या. तिचे तिलाच वाचू द्या."

पर्युषणाच्या दिवसांत वेल्ह्याच्या त्या दुकानात मुलगी उधारीची वही घेऊन बसलेली दिसे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती रोज एक खूण करी. अठ्ठाविसावी खूण झाली, तरी तिने आणखी दोन दिवस जाऊ दिले आणि मगच बँकेत जाऊन उतारा मागितला. डिसेंबरात व्हिसा आला.

महामारीच्या त्या काळात नियम महिन्यागणिक बदलत होते, आजही ते बदलतात. म्हणून अर्जाच्या दिवशीचा नियम मुळातूनच वाचावा. नकार आल्यास मात्र तीन प्रश्न पुरतात: कारण काय लिहिले आहे, चूक कोणाची आहे, आणि ती खरेपणाने किती दिवसांत दुरुस्त होईल. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत कोणालाही एक रुपयाही देऊ नये.