लोह ताटात नाही, मार मात्र डोक्यावर

लोहाची गोळी म्हटली की आपल्याला रक्त आठवतं, मेंदू आठवत नाही. पण मेंदूलाही लोह लागतं. मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला, डोपामिनसारखी निरोप पोचवणारी द्रव्यं बनायला ते हवंच. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत बाळाला ते कमी पडलं, तर शिकण्यावर, लक्षावर झालेला परिणाम पुढे गोळ्या देऊनही पूर्ण भरून निघेलच असं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत. लोहाची कमतरता हे त्याचं एक मुख्य कारण. आसेगावच्या शिवारात सोयाबीन सोंगायला, तूर कापायला बाई पुढे. घरात जेवायला मात्र शेवटी.

हेच लोह भलत्या जागी गेलं की घात करतं. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला, की तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधलं लोह सुटं होतं आणि शेजारच्या पेशींची नासाडी करतं. जखम वरून भरते, आतली हानी पुढे चालू राहते. पार्किन्सन आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतही काही भागांत लोह जास्त आढळतं.

म्हणून लोह म्हणजे विष असं कोणी सांगू लागलं, तर गरोदर बाईनं गोळी टाकून देऊ नये. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराचा पहारा असतो. गोळीतलं लोह थेट मेंदूत जाऊन साचत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, उपचार सुरू न झालेल्या पार्किन्सनच्या रुग्णांना लोह काढून घेणारं डेफेरिप्रोन हे औषध दिलं गेलं. मेंदूतलं लोह कमी झालं, पण त्रास वाढला.

खरी भीती बाळगायची ती मारहाणीची. भिंतीवर डोकं आपटलेली बाई 'पडले' म्हणून सांगते. केसपेपरवर तेच लिहिलं जातं. नंतरची डोकेदुखी, विसरणं, चिडचिड यांना घरचे 'नाटकं' म्हणतात. आणि कोर्टात तारखा नीट आठवल्या नाहीत, की तीच खोटी ठरते.

मैत्रिणींनो, आपल्याकडे तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकीला विचारू या: डोक्याला मार लागला का? शुद्ध हरपली का? उलट्या झाल्या का? तसं असेल तर समेटाची बैठक मागाहून. आधी दवाखाना, मग त्यासाठी वाशीम गाठावं लागो की अकोला. केसपेपरवर जखमेचं खरं कारण लिहून घेऊ या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार अशा बाईवर उपचार करणं रुग्णालयाला बंधनकारक आहे, आणि उपचाराचा खर्चही तिला मागता येतो.

गोळ्या वेळेवर मिळायलाच हव्यात. पण गोळ्या वाटल्या म्हणजे प्रश्न सुटला, असं सरकारनंही मानू नये आणि आपणही. बाईचं ताट आणि बाईचं डोकं, दोन्ही सांभाळणं ही चळवळीचीच कामं आहेत.