पेडल कव्हर बसवा, पण ब्रेक तपासून

सांगली-साताऱ्यात सेकंडहँड गाडी घरी आली, की पहिली चक्कर ॲक्सेसरीजच्या दुकानात! सीट कव्हर, ॲल्युमिनियमची पेडल कव्हर्स आणि हँडब्रेकलाही मॅचिंग कव्हर. लूक भारीच, पण क्लिपवरचं पेडल कव्हर सैल झालं, तर ऐनवेळी पाय घसरतो. हँडब्रेकच्या कव्हरमध्ये बटण अडकलं, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि तशीच गाडी पळवली, तर मागचे ब्रेक तापतात. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात चढावर गाडी थांबवायची, तर भरवसा याच ब्रेकचा. म्हणून मित्रांनो, कव्हर बसवल्यावर दुकानातून लगेच निघू नका. पेडल हलवून बघा, हँडब्रेक चार वेळा ओढा-सोडा. काही अडलं, तर कव्हर तिथंच काढून ठेवा. सेल्फीसाठी गाडी आहे तशीही चालते.